दुसऱ्या रिळात घरी आलेला बाप

प्रिय आई,

सलाम.

तू होतीस तेव्हा तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. रहाटणीहून काळेवाडी ती कितीशी! निरोप धाडला की तू दारात हजर. शिवाय माझं अक्षर तुला लागायचं नाही. ‘मास्तरीण झालीस न् अक्षर डाक्टराचं,’ म्हणायचीस. पण काल संध्याकाळी जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि खरं सांगू? भांडायचंय तुझ्याशी!

काल नाताळ झाला. तुझ्याविना पहिला. उपासनेला गेलो, घरी जेवणं झाली. दादा आले होते, नातवंडांत जेवायला. जेवणानंतर तुझ्या जावयानं टीव्ही लावला. यंदाच घेतलाय, तुला बघायला मिळाला नाही. एक जुना इंग्रजी पिक्चर चालू झाला आणि पहिल्याच दृश्याला मी ताडकन उठून बसले. बर्फातलं घर, शिवणाच्या मशीनवर वाकलेली बाई, शेकोटीशी बसलेली दोन पोरं. तोच, आई! मी लहान असताना काळेवाडीला चादरीवर दाखवला होता तोच पिक्चर!

मी मोठ्या हौशीनं मुलांना म्हटलं, “बघा हं, आता यांचा बाप घरी येणार!” गोष्ट मला पाठ. शाळेत नोकरीला लागल्यापासून दर नाताळाला वर्गात तीच सांगत आलेय. मी वाट बघतेय, मुलं वाट बघताहेत, आणि पिक्चर संपला. बाप आलाच नाही. येईल कुठून? तो गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेलेला होता! ती बाई विधवा होती ग! आता इंग्रजी कळतं मला, पाचवीला शिकवते मी.

त्या मेलेल्या माणसाला तू कुठून उठवून आणलंस?

माझी मुलगी म्हणाली, “आई, तू आम्हाला खोटी गोष्ट सांगत होतीस?” मी म्हटलं, “मी नाही बाई, तुझी आजी.” आणि कोपऱ्यात बसलेले दादा एकदम हसले. तू गेल्यापासून त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं, ते मला इतकी वर्षं ठाऊकच नव्हतं. ते सांगतेच तुला. पण आधी माझ्या बाजूनं सांगू दे. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, अकरा वर्षांच्या पोरीला जेवढं दिसतं तेवढंच मला दिसलं होतं. कुठं चुकलं तर तू नेहमीसारखी मध्येच तोंड घाल.

त्या वर्षी दादांच्या कंपनीला टाळं लागलं होतं. आधी काही दिवस दादा रोज इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर जाऊन उभे राहायचे. मग शर्टाची इस्त्री गेली, मग गेटवर जाणंही गेलं. खोलीच्या दाराशी भिंतीला टेकून बसायचे. लेथवर सगळा दिवस उभा राहणारा माणूस, त्याला बसायची सवय नव्हती. आणि तू! तुझी जीभ काय कमी होती? “टेकून टेकून भिंत पडंल आता,” म्हणालीस. चेष्टेनंच म्हणालीस, मला माहीत आहे. पण ती वेळ चेष्टेची होती का?

दुसऱ्या दिवशी दादा पिशवी घेऊन चाकणला निघाले. कांद्याच्या बाजारात काम मिळतं असं कुणीतरी सांगितलं होतं. निघताना म्हणाले, “पगार हातात पडल्याबिगर हा उंबरा चढणार न्हाई.” आणि तू भाकरी थापता थापता म्हणालीस, “नका चढू.” अग, तेवढं तरी गिळायचं होतंस!

तुला वाटलं असेल चार दिवसांत येतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण दादांनी शब्द धरला. मग एका रविवारी चाळीतले कुणीतरी चाकणहून आले आणि तुला सांगून गेले, “याकोबराव दिसले होते. पाठीवर गोणी होती. मी हाक मारली तर तोंड फिरवलं राव त्यांनी.” तू घासलेली भांडी पुन्हा घासायला काढलीस. माझ्या पाठचा शमू लहान, तो विचारायचा, “नाताळाला तरी येतील ना दादा?” आणि तू दर वेळी म्हणायचीस, “बघू.” ते ‘बघू’ मला नको वाटायचं. कारण ‘येतील’ म्हणायची तुझी हिंमत होत नाहीये हे मला कळायचं.

आणि नाताळ तर तोंडावर आला होता. घरात काय होतं? रेशनचा लाल मिलो, ती अमेरिकेची ज्वारी. त्याच्या करंज्या होतात का कुठं! दर वर्षी नाताळाला तू करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं क्रोशाच्या रुमालाखाली झाकून अख्ख्या चाळीत फिरवायचीस. दिवाळीला नि भीमजयंतीला त्यांच्याकडून आपल्याकडे ताटं यायची. आणि आलेलं ताट कधी रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, हा सगळ्या चाळीचा कायदा. त्या वर्षी तू क्रोशाचे रुमाल धुऊन, घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिलेस. मी बघितलं होतं.

आणि मग शेवंतामावशी आली. शेजारच्या खोलीतली, जालन्याकडची. तिचा नवराही त्याच कंपनीतला, त्यांच्याही चुलीवर मिलोच शिजत होता. हातात ताट, ताटात गव्हाचं पीठ आणि वर गुळाचा खडा. म्हणाली, “जयभीम रूथच्या आई. तुमचं मागल्या साली ताट राहिलं होतं की माझ्याकडं. इसरूनच गेले बघा.”

तू ताट हातात घेतलंस. ताटाच्या काठावर तिच्या नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं, मोठ्या ठळक अक्षरात. तू वाचलंस. मीही वाचलं. तिला वाचता येत नव्हतं, पण काय कोरलंय ते तिला ठाऊक होतंच की!

“व्हय,” तू म्हणालीस, “आमचंच हाय. बरं झालं दिलंस.”

“अन् रडायलीस काय त्याच्यात? ताटासाठी कुणी रडतंय का?” असं म्हणून ती गेलीसुद्धा. मग दोन दिवस एकेक बाई येतच होती. कुणाकडे आपली वाटी ‘राहिली’ होती, कुणाकडे डबा. कुणी चमचाभर तूप, कुणी मूठभर खोबरं. आपल्या घरात एवढी भांडी कधी होती ग? तू प्रत्येकीला “आमचंच” म्हणत गेलीस, पापणी न हलवता. मला तेव्हा वाटलं, माझी आई इतकं सरळ खोटं बोलते, तिला पाप लागेल. नाताळाच्या सकाळी तीच भांडी भरून तू ज्याची त्याच्या घरी धाडलीस आणि निरोप दिलास, ‘चुकून तुमचं आलंय आमच्याकडं.’

पण आधी आदल्या दिवसाची संध्याकाळ.

पुण्याहून मिशनची गाडी येणार, पिक्चर दाखवणार, ही बातमी अख्ख्या काळेवाडीत झाली होती. मिशनच्या देवळापुढच्या पटांगणात दोन बांबू रोवून चादर ताणली. जनरेटर धडधडायला लागला. मंडळी किती! आपली ख्रिस्ती घरं ती मूठभर, पण गाव सगळं लोटलं. पुढं जागा पुरेना तसे लोक चादरीच्या मागं जाऊन बसले. मागून सगळं उलटं दिसतं, डाव्याचं उजवं, पण दिसतं तर खरं! घोंगड्या, मफलर, शेंगा, पोरं. दिवस पक्का मावळायची वाट बघत सगळे बसले होते.

इंग्रजी पिक्चर समजावून सांगायचं काम दर वर्षी पाळकसाहेबांचं. ते भोंग्यावरून मराठीत सांगत जायचे आणि आम्ही ऐकत बघायचो. पण त्या वर्षी घरोघरी नाताळची गाणी म्हणून त्यांचा घसा पार बसला होता. आवाजच फुटेना. मग कुणाला उभं करायचं? तर तुला! तू लग्नाआधी नगरकडं मिशनच्या दवाखान्यात गोऱ्या मिस्साहेबांच्या हाताखाली आया होतीस, म्हणजे तुला इंग्रजी येणारच, अशी सगळ्यांची खात्री. काय येत होतं ग तुला? ‘हॉट वॉटर’, ‘टेम्परेचर’ आणि ‘डोन्ट क्राय’!

पाळकसाहेबांनी बसक्या आवाजात तुला बाजूला घेऊन गोष्ट सांगितली. तू मान हलवलीस, पदर खोचलास आणि बांबूपाशी जाऊन माइक असा धरलास, लाटणं धरावं तसा. मी शमूला मांडीवर घेऊन अगदी पुढं बसले होते. मला लाज वाटत होती, आता ही काय बोलेल म्हणून. पण तू काय बोललीस! “मंडळी, हा मुलूख थंडीचा हाय. ही बाई शिवण शिवती. हिचा नवरा मागल्या साली वारला. हिच्या पदरात दोन लेकरं.” तेवढ्यावरच बायकांनी डोळ्याला पदर लावले. आपल्या चाळीतल्याच कुणाबद्दल सांगावं तशी सांगत होतीस तू. घरमालक भाड्यासाठी दारात येऊन ओरडला तेव्हा मागून कुणीतरी त्याला शिवीसुद्धा दिली.

मग पहिलं रीळ संपलं. रीळ बदलायला वेळ लागायचा, म्हणून मशीनवाल्यानं खांबावरचा दिवा लावला. सगळं पटांगण उजळलं, चादरीच्या अलीकडचंही आणि पलीकडचंही. तू बांबूपाशी होतीस, तुला दोन्हीकडचं दिसत होतं. मला फक्त तू दिसत होतीस. तू पाणी प्यायलीस, पदरानं तोंड पुसलंस, आणि बराच वेळ पुसत राहिलीस. मग दिवा गेला आणि दुसरं रीळ सुरू झालं.

“तर मंडळी,” तू म्हणालीस, “ह्या बाईचा नवरा परगावी कामाला गेलाय.”

पटांगणात चुळबुळ झाली. आपल्या चाळीचे मालक तात्या, म्हातारे, पण कान शाबूत! ते उठून ओरडले, “ओ बाई, मघाशी तर म्येला म्हनला की वं!”

“लोकं म्हणत होती म्येला,” तू भोंग्यावरून उत्तर दिलंस. “लोकांचं काय तात्या? लोकं कुणालाबी मारत्यात.”

केवढा हशा पिकला! पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. ते गडबडून उठायला लागले, त्यांना वाटलं असेल बाईची गाडी रुळावरून घसरली. तू त्यांच्याकडे पाहिलंस. नुसतं पाहिलंस. ते पुन्हा खाली बसले आणि मफलर कानावर ओढून घेतला.

मग ती खिडकी आली. टोपीवाला, झुपकेदार मिशांचा माणूस बर्फात उभा राहून खिडकीतून आत बघतोय. आत ती बाई नि पोरं एका भुकेल्या भिकाऱ्याला आपल्यातला पाव मोडून देताहेत. काल मला कळलं की तो टोपीवाला म्हणजे घरमालक. आणि तू काय सांगितलंस? “हा बघा आला. हाच तो नवरा. घरापातूर आलाय, पण आत येईना. का येईना? तर हातात काही न्हाई म्हणून. मोकळ्या हातानं कसं जावं, ह्याची ह्याला लाज वाटती.”

शेंगा फोडायचे आवाज थांबले. तिथं बसलेल्या किती घरांतला माणूस तेव्हा बाहेर होता, आई!

आणि तेवढ्यात पडद्यावरचा तो माणूस वळला आणि चालायला लागला. बर्फातून लांब लांब. तू थांबलीस. भोंग्यातून नुसती खरखर. मी पुढून तुझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं तू गोष्ट विसरलीस. मला वाटलं, कुणीतरी हिला सांगा ना पुढचं!

मग तू बोललीस. तो आवाज गोष्ट सांगायचा नव्हता. “त्याला वाटतंय, आपल्याबिगर ह्यांचं चाललंय. पाव खात्यात, हसत्यात, म्हंजे चाललंय. न्हाई हो. न्हाई चाललं. त्यानं काही आणू नये. नुसतं यावं. त्याच्याबिगर ह्या घराचं काही म्हंजे काही चालत न्हाई.”

शेवंतामावशी माझ्या शेजारी होती. तिनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मग पडद्यावर दार उघडलं आणि एक बुटका, सफाचट माणूस हातात बॅग घेऊन आत आला. पोरं धावत जाऊन त्याला बिलगली. काल कळलं, तो डॉक्टर! पण तू ओरडलीस, “आला! आला बघा!”

“अवं, ह्याला मिशी हुती की!” पुन्हा तात्या.

“कामावर काढली.”

“न् उंची वं?”

“थंडीनं आखडलाय. तात्या, तुमी बघता का मी बंद करू?”

लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसत होते. कुणी म्हणालं, बॅगेत पगार असेल. तू म्हणालीस, “न्हाई. बॅगंत काही न्हाई, मोकळी हाय. तरीबी पोरं कशी पळाली बघा.” मी त्या दिवशी त्या बुटक्या माणसासाठी इतकी रडले! इतकी वर्षं तोच बाप म्हणून वर्गात सांगितला मी, बिनमिशीचा!

पिक्चर संपला, दिवा लागला, माणसं उठली. आणि चादरीच्या कडेनं, मागच्या बाजूनं, दादा आले. दाढी वाढलेली, अंगाला कांद्याचा वास, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मी किंचाळले असेन. शमू झोपेतून उठून रडायला लागला. सगळी चाळ तुमच्या दोघांकडे बघत होती. आता तू काय म्हणशील? रडशील? भांडशील? एखाद्या पिक्चरात काय काय झालं असतं!

तू म्हणालीस, “आलात? हे बांबूचं टोक धरा. मला एकटीला निघंना.”

आणि दादांनी फडकं खाली ठेवलं आणि बांबू धरला. तू दोऱ्या सोडल्यास. दोघांनी मिळून चादरीची घडी घातलीत, टोकाला टोक लावून, एकमेकांकडे चालत येत. झालं. पाळकसाहेब जवळ येऊन घशावर हात ठेवून इतकंच म्हणाले, “माझ्यापेक्षा बरी सांगितलीस, बाई.” फडक्यात कांदे होते, मोड आलेले. नाताळाला आपण त्याचंच कालवण खाल्लं, आणि इतकं झणझणीत कालवण तू पुन्हा कधी केलं नाहीस.

इतकंच मला माहीत होतं. आता कालचं.

मी दादांना म्हटलं, “दादा, आईनं गोष्ट बदलली होती, तुम्हाला कळलंय का?” ते म्हणाले, “मला तवाच कळलं होतं.” मग हळूहळू एकेक शब्द बाहेर आला. तुला माहीत आहे त्यांचं बोलणं, विहिरीतून पाणी काढल्यासारखं.

“मी घरी येणार न्हवतो. कांदे शेवंताबाईकडं ठेवायचे, तुमा पोरांना लांबून बघायचं, आन् सकाळच्या ट्रकनं चाकणला माघारी. म्हणून चादरीच्या मागं उभा ऱ्हायलो, बाभळीखाली. मधी दिवा लागला तवा तुझ्या आईनं मला बघितलं. मीबी तिला बघितलं. काही बोलली न्हाई, खूण केली न्हाई. पाणी प्याली न् गेली. मला वाटलं, वळखलं न्हाई. न्हाईतर वळखून सोडलं. मी निघालोच होतो. मग भोंग्यातून ऐकलं, नवरा परगावी गेलाय. मघाशी मेलेला माणूस तिनं जित्ता केला. तवा म्हणलं, वळखलं.”

“आणि तो टोपीवाला निघून जायला लागला तेव्हा?”

“तवा मीबी निघालो होतो. पाठ फिरवली होती मी. नदीपातूर ऐकू जायचा भोंगा. पाठीवर ऐकलं ते.” मग म्हणाले, “तिनं घरात तसं कधी म्हणलं न्हाई. आधी न्हाई, नंतर न्हाई. त्या एकाच दिशी म्हणली, ते बी सगळ्या गावाम्होरं, दुसऱ्याच्या नावानं.”

आई, तू मला कधी सांगितलं का नाहीस ग? इतक्या वेळा मी तुझ्यासमोर मुलांना ती गोष्ट सांगितली. तू भाजी निवडत ऐकायचीस, मिशीचा प्रसंग आला की गालात हसायचीस, आणि गप्प! तुला ते आपल्यापाशीच ठेवायचं होतं का? की मी विचारीन याची वाट बघत होतीस? दवाखान्यात शेवटच्या दिवसांत किती रिकामा वेळ होता आपल्याला. मी तुला औषधांबद्दल विचारत बसले, जेवलीस का विचारत बसले. हे विचारायला हवं होतं. तुझ्या आवाजात ऐकायला हवं होतं. आता टीव्हीवरून कळतंय मला, इंग्रजीतून!

तुला एकदा थिएटरात न्यायचं होतं मला, पिंपरीला. तू म्हणायचीस, “मला काय करायचा त्यांचा पिक्चर? मी सांगते तो बरा.” ते खरंच होतं हे कळायला कालचा दिवस उजाडावा लागला. घरात कुठंही तुझा आवाज येत नाही आता. कधी कधी भाकरी करताना मी मुद्दाम तुझ्यासारखं मोठ्यानं बोलून बघते. नाही जमत. शमूची सेकंड शिफ्ट असली की तो घरी परतताना अजून काळेवाडीवरून येतो, तू नाहीस तरी. मला म्हणाला, “सवयीनं सायकल वळते ग.” मी त्याला हसले आणि मग आत जाऊन रडले.

आणि दादा. तू गेल्यापासून ते त्याच खोलीत एकटे आहेत, खानावळीच्या डब्यावर. दर रविवारी मी जाऊन सांगते, “दादा, तुमचं एकट्याचं कसं होणार? आजारी पडलात तर कोण बघणार? चला माझ्याकडे.” ते दर वेळी म्हणतात, “माझं बरं चाललंय. लेकीच्या दारात किती दिवस बसायचं?” कालही गोष्ट सांगून झाली तसे उठले, चपला घातल्या आणि निघाले. मी दारातून “दादा, थांबा ना” म्हटलं. थांबले नाहीत. मी त्यांची पाठ बघत उभी राहिले.

आणि मग मला एकदम तुझं डोकं कळलं, आई. तू तेव्हा असं नव्हतंस म्हटलं, की तुमचं आमच्यावाचून कसं होणार. तू म्हणालीस, आमचं तुमच्यावाचून होत नाही. आणि आल्याबरोबर त्यांच्या हातात बांबू दिलास. मी मात्र दर रविवारी त्यांना त्यांचं म्हातारपण दाखवत बसलेय!

आणि तुला तर तेव्हा मेलेला माणूस उठवावा लागला, घरमालकाला नवरा करावं लागलं, डॉक्टरची मिशी कापावी लागली. मला एक अक्षरही खोटं बोलावं लागणार नाही. मी शाळेत, हे कंपनीत, धाकटा रोज दुपारी शेजाऱ्यांच्या पायरीवर आमची वाट बघत बसलेला असतो. मुलीला कुणाजवळ बसून जेवायचं असतं, तर घरात कुणी नसतं. तू गेल्यापासून मला स्वतःला संध्याकाळी घर खायला उठतं. हे सगळं मी दादांना कधी सांगितलंच नाही. त्यांना त्रास नको म्हणून लपवत राहिले.

आज शाळेला सुट्टी आहे. मुलं अंगणात खेळताहेत. हे पत्र मिटते आणि त्यांना घेऊन निघतेच मी काळेवाडीला. तुझ्यासारखा भोंगा नाही माझ्याकडे, पण चाळीच्या मधोमध उभी राहून सांगेन, चार घरांना ऐकू जाईल असं सांगेन, की दादा, तुमच्याविना आमचं चालत नाही, चला. नाहीच उठले तर मुलांसकट त्यांच्या उंबऱ्यावर बसेन, पण त्यांना घेतल्याशिवाय परत यायची नाही. हा शब्द मी तुला देते आई, आणि तो मोडायची माझी छाती नाही.

तुझीच,
रूथ